पिलाचे नाव काय ठेवावे?

भाताची मळणी आटोपून घरात जराशी उसंत मिळते न मिळते, तोच एके सायंकाळी आमचा थोरला नातू शाळेच्या दप्तरात एक काळे पिल्लू घालून दारात उभा राहिला. दप्तरातील पुस्तके त्याने वाटेवरच्या एका सोबत्याच्या हवाली केली होती. पिल्लू कोठून आणलेस, कोणास विचारून आणलेस, असे आम्ही विचारावयाच्या आतच त्याने ते आमच्या पायाशी सोडले आणि पिलाने आमच्या धोतराचा सोगा दातांत धरून ओढावयास सुरुवात केली. वाचकहो, ह्यानंतर त्या पिलास परत पाठविण्याची भाषा जो करील, तो मनुष्य आमच्यापेक्षा कठोर अंतःकरणाचा असला पाहिजे. सूनबाई तेवढ्या म्हणाल्या, "मामंजी, ह्याच्या दुधाचे काय करायचे?" पण हे म्हणत असतानाच त्यांचा हात फडताळातील जुन्या वाटीकडे गेला होता.

चौकशीअंती कळले ते असे. खालच्या आळीतील एका गोठ्यात दोन महिन्यांपूर्वी कुत्री व्याली. तिला पाच पिल्ले झाली, त्यांपैकी हा एक नर. पिल्लू फार लवकर तर आणले नाही ना, ही आमची पहिली शंका होती; कारण आठ आठवडे पुरे होण्याआधीच आईपासून व भावंडांपासून तोडलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे निघण्याचा संभव असतो. पिलांचे दात लागू लागल्यामुळे आईच आता त्यांना दूर सारू लागली आहे, असे गोठ्याच्या धन्याने सांगितले, तेव्हा आमचे समाधान झाले. राहता राहिला नावाचा प्रश्न. तो सुटावयास चार आठवडे लागले, आणि त्या चार आठवड्यांत आमच्या घरी जेवढा वाद झाला तेवढा आमच्या चारही मुलांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मिळूनही झाला नव्हता.

पहिल्याच रात्री जेवताना नावांचा पाऊस पडला. मुलांच्या आजीने "वाघ्या" हे नाव काढले. वाघ्या हे आपल्या मुलखातील फार जुने व मानाचे नाव. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे. त्याच्या कथेत इतिहास किती ह्याविषयी पंडितांत वाद आहेत, परंतु नाव मात्र घरोघर पोहोचले आहे. धाकट्या नातीला हे पसंत पडेना. तिच्या मते वाघ्या हे मोठ्या कुत्र्याचे नाव, आणि हे तर एवढेसे पिल्लू. तिला "छोटू" हवे होते. ह्यावर तिचा बाप म्हणाला, "अगं, सहा महिन्यांत हा तुझ्या कमरेएवढा होईल. मग दारावर आलेला पोस्टमन विचारील, छोटू कुठला, आणि हा भुंकत पुढे होईल!" आम्हांस हे म्हणणे पटले. पिलाचे नाव लाडके असावे ह्यात वाद नाही. परंतु पिल्लूपण टिकते जेमतेम वर्षभर, आणि कुत्रा जगतो दहा-बारा वर्षे. जे नाव पिलाला शोभते व म्हाताऱ्या कुत्र्यालाही लाज आणीत नाही, असे नाव शोधावयाचे असल्यामुळेच हे काम दिसते तितके सोपे नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी विहिरीजवळ बादली नेली. थोरला धर्मगुरू, धाकटी धर्ममाता, शेजारची दोन मुले मेणबत्त्यांऐवजी एरंडाच्या काड्या धरून उभी, आणि मध्ये हे पिल्लू थरथरत. आजीने खिडकीतून पाहिले मात्र, आणि ती तशीच अर्ध्या निवडलेल्या सुपासकट बाहेर आली. "आंघोळ घालायची तर ऊन पाण्याने घाला, पण ते शब्द खेळात काढायचे नाहीत," एवढेच ती बोलली. मुले समजली. बाप्तिस्मा राहिला आणि पिलाला ऊन पाणी मिळाले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाने पशुपक्ष्यांस नावे दिल्याची हकीकत आहे. त्या बिचाऱ्याला आजी नव्हती, चिरंजीव नव्हते आणि मुख्य म्हणजे शेजारी नव्हते; ही त्याची केवढी सोय, असे त्या आठवड्यात आमच्या मनात वारंवार आले.

आमचे दुसरे चिरंजीव पुण्यास नोकरी करतात. त्यांनी दूरध्वनीवरून तीन नावे सुचविली : ब्रूनो, रॉकी आणि मॅक्स. शहरात आता हीच चालतात म्हणे. ह्या नावांवरून आम्हांस एका वाचकभगिनीच्या पत्राची आठवण झाली. "कुत्र्याला संताचे नाव दिले तर चालते काय?" असे त्यांनी मागे विचारले होते, आणि उत्तर द्यावयाचे राहून गेले होते. ते आता देतो.

भगिनींनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, संतांची नावे कुत्र्यांना न कळत कितीतरी पूर्वीच दिली गेली आहेत. ब्रूनो हे कार्थुसियन संन्याशांचा मठ १०८४ साली स्थापन करणाऱ्या संताचे नाव. त्याचा सण ६ ऑक्टोबरला येतो. मॅक्स हे मॅक्सिमिलियनचे आखूड रूप, आणि आउश्विट्झच्या छळछावणीत १९४१ साली दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे आपणांस ठाऊकच आहेत. रॉकी हे नाव गाजविणारा अमेरिकन मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो ह्याचे मूळ नाव रोक्को, म्हणजे आपला संत रोक. इतके दूर कशाला? इंग्रजी अंमलाबरोबर आलेले आणि आता खेड्याखेड्यांत रुजलेले "टॉमी" हे नाव थॉमसचे, म्हणजे प्रेषित थोमाचे लाडके रूप आहे. आणि "जिमी" हे जेम्सचे, म्हणजे याकोबाचे! ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्या मनात अनादर नव्हता, आणि ज्या मुक्या जनावरांनी ती धारण केली त्यांच्याही मनात नव्हता.

तरीही आमचे मत विचाराल तर, जाणूनबुजून तसे करू नये. कुत्र्याचे नाव केवळ लाडाने घेतले जात नाही. चप्पल फाडली, कोंबडीमागे धावला, ओट्यावर पाय पुसले, अशा दहा प्रसंगी ते रागानेही घेतले जाते, आणि त्याच्यामागे जी विशेषणे लागतात ती आम्ही येथे छापू शकत नाही. दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची आहे. आपल्या गावात आंतोन, पेद्रू, पास्कू, फ्रान्सिस ही नुसती संतांची नावे नव्हेत. ती शेजाऱ्यांची नावे आहेत. संत आपल्यावर रागावणार नाहीत, त्यांचे मन मोठे असते. शेजाऱ्याविषयी अशी हमी देता येत नाही.

ह्या शेवटच्या वाक्यामागे एक खरी हकीकत आहे. ती आमच्या बालपणी आमच्या आजोळच्या गावी घडली. दोन घरे एकमेकांस लागून होती, आणि शेताच्या बांधावरून त्यांचे वाजले होते. बांध तो केवढा, दोन हात रुंदीचा. त्यातील एका घरच्या कर्त्या पुरुषाने कुत्र्याचे पिल्लू आणले आणि त्याला शेजाऱ्याचे घरगुती नाव ठेवले. ते नाव आम्ही लिहीत नाही. मग रोज तिन्हीसांजेला त्या अंगणातून हाक येऊ लागली : अरे अमक्या, कुठे उलथलास? अमक्या, शेपूट हलव! हाक कुत्र्याला होती, ऐकणारा कुंपणापलीकडे होता. ऐकणाऱ्याने काय म्हणावे? कुत्र्याला हाक मारू नका म्हणून पंचांकडे कोण जाईल? आळीतील माणसे प्रथम हसली. आम्हीही हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. पुढे त्या शेजाऱ्याच्या मुलांना शाळेत पोरे त्या नावावरून चिडवू लागली, तेव्हा थोरला मुलगा शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली गेला. आपल्या भाषेत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे ह्यांत एका मात्रेचे अंतर आहे. त्या घराने ती मात्रा ओलांडली.

कुत्रा सात-आठ वर्षांनी मेला. नाव मेले नाही. पुढे नाव ठेवणाऱ्याची आई वारली, तेव्हा साऱ्या गावाने मूठ मूठ माती टाकली. कुंपणापलीकडचे घर मात्र दार लावून बसले होते. आपल्या गावांतून मातीला न जाणे म्हणजे काय असते, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. म्हातारीने त्या शेजाऱ्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळविले होते. आता त्या दोन्ही घरांतील ती पिढी हयात नाही. मुलेनातवंडे बोलतात, एकमेकांच्या लग्नकार्यास जातात. पण त्या पहिल्या घरात आजही कुत्रा असला तरी त्याला नाव नसते. नुसते "यू यू" करून बोलावतात.

ही हकीकत आम्ही घरी सांगितली, तेव्हा सुचविलेल्या नावांपैकी "बाळू" व "बंड्या" ही दोन आपोआप गळाली, कारण आमच्या आळीत बाळू एक व बंड्या दोन आहेत. 

उरलेल्या नावांकडे वळण्यापूर्वी आपल्या जुन्या लोकांच्या पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यांनी ह्या गोष्टीचा फार घोळ घातला नाही. जनावराकडे पाहावे, जे डोळ्यांत भरेल ते घ्यावे आणि त्याला "या" किंवा "ऊ" जोडून मोकळे व्हावे. काळा तो काळ्या किंवा काळू, अंगावर ठिपके असलेला टिप्या, शेपूट तुटलेला लांड्या. हा "या" मोठा विलक्षण प्रत्यय आहे. मोठ्या माणसाच्या नावास लावला तर भांडण होते, लहान मुलाच्या नावास आईने लावला तर लाड होतो, आणि कुत्र्याच्या नावास लावला तर तो घरचा होतो. परदेशी लोकही ह्याहून निराळे करीत नाहीत. तुरीन शहरात संत जॉन बॉस्को ह्यांच्या संरक्षणास रात्रीअपरात्री जो मोठा कुत्रा अचानक येऊन उभा राही, त्याचा उल्लेख त्यांनी आपल्या आठवणींत "ग्रीजो" असा केला आहे. इटालियन भाषेत ग्रीजो म्हणजे करडा. आपल्याकडे असता तर करड्या झाला असता. रशियाने ३ नोव्हेंबर १९५७ रोजी अंतराळात पाठविलेल्या लायकेच्या नावाचा अर्थही "भुंकणारी" एवढाच. त्याआधी तिला कुरळ्या केसांची ह्या अर्थाचे एक लाडके नाव होते. ती बिचारी परत आली नाही. चिरंजीवांच्या शहरी यादीत पुढे "सिंबा"ही आला होता. १९९४ च्या एका चित्रपटामुळे लोकप्रिय झालेल्या ह्या स्वाहिली शब्दाचा अर्थ सिंह. म्हणजे आमच्या धनगराचा शेरू आणि पुण्याचा सिंबा ह्यांच्यात कुळाने फारसा फरक नाही.

धर्मग्रंथांत पाहावे, तर कुत्र्याचे नाव कोठेच सापडत नाही. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबियास राफाएल दूताबरोबर दूरच्या प्रवासास निघतो, तेव्हा कुत्रा त्यांच्यामागून जातो आणि शेवटी त्यांच्याबरोबर परतही येतो. एवढा लांबचा प्रवास त्याने केला. परंतु त्याचे नाव लिहून ठेवावे असे कोणास वाटले नाही. संत रोक ह्यांच्या मूर्तीपाशी तोंडात भाकरी धरून उभा असलेला कुत्रा आपण १६ ऑगस्टच्या सणाला पाहतो, त्याच्याविषयीही नातवाने आम्हांस प्रश्न टाकला होता, "आजोबा, त्याचे नाव काय?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

आता नावाच्या ध्वनीविषयी. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याचा कान ४०,००० च्याही पलीकडे पोहोचतो. तेव्हा ऐकू येण्याची अडचण नसते, अडचण असते ती ओळखण्याची. आपण दिवसभर जे हजार शब्द बोलतो त्यांतून आपला शब्द त्याने वेचावयाचा असतो. म्हणून नाव दोन अक्षरांचे असावे, सुरुवात ठसठशीत असावी आणि शेवट आ, ई, ऊ अशा लांबविता येणाऱ्या स्वरावर व्हावा. शेताच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारून पाहावी. घशाला ताण न पडता जे जाते ते नाव चांगले. शिवाय आपण त्याला ज्या आज्ञा करणार, त्यांच्याशी नावाचे साम्य नसावे. आमच्या भागात बसवराजाचा बसू होतो. कुत्र्याचे नाव बसू ठेवून त्याला "बस" म्हणणारा मनुष्य स्वतःच गोंधळेल.

कुत्र्याला शब्द किती कळतात, ह्याविषयी अलीकडे मोठे शोध झाले आहेत. जर्मनीतील रिको नावाचा मेंढपाळी जातीचा कुत्रा दोनशेहून अधिक वस्तू त्यांच्या नावाने ओळखून आणीत असे. त्याची हकीकत २००४ साली प्रसिद्ध झाली. पुढे अमेरिकेत जॉन पिली नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर नावाच्या कुत्रीस १,०२२ खेळण्यांची नावे शिकविली, हे २०११ साली सर्वांस कळले. आपल्या दारच्या कुत्र्याकडून एवढी अपेक्षा नाही. त्याला एकच शब्द शिकवावयाचा आहे, तो म्हणजे त्याचे नाव. आणि तो शिकविण्याची रीत अगदी सोपी आहे. नाव एकदाच घ्यावे. त्याने मान वर करून पाहिले की भाकरीचा तुकडा द्यावा. दिवसातून पाच-सहा वेळा, आठ-दहा दिवस असे केले म्हणजे झाले. मात्र घरातील सर्वांनी एकच नाव वापरावे, आणि मारावयाचे असेल तेव्हा नावाने बोलावू नये. पुष्कळ घरी कुत्रा हाकेला येत नाही म्हणून तक्रार असते. नावाने बोलावून चार वेळा जोडा बसल्यावर पाचव्या वेळी न येणारा कुत्रा शहाणा म्हटला पाहिजे.

हे सर्व ज्ञान आम्ही घरात मोठ्या अभिमानाने सांगत होतो, आणि त्याच वेळी आमच्या नाकासमोर जे घडत होते ते आम्हांस दिसले नाही. आम्ही नावाचा काथ्याकूट करीत बसलो होतो. परंतु पिल्लू काही शब्दांवाचून राहिले नव्हते. ते सारखे स्वयंपाकघरात शिरे. सूनबाई "हाड!" म्हणत आणि त्याने जावे म्हणून बाहेरच्या पायरीवर भाकरीचा तुकडा फेकीत. हाड, आणि तुकडा. हाड, आणि तुकडा. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस आमच्या कुंपणात शेजाऱ्याचे वासरू शिरले. आम्ही काठी उगारून "हाड! हाड!" असे ओरडलो, आणि परसातून पिल्लू कान उडवीत, शेपूट हलवीत, धावत येऊन आमच्यापुढे बसले. घराने त्याला नाव ठेवले नव्हते, तेव्हा त्याने मिळेल ते नाव घेतले होते. थोरला नातू हसला नाही. तो म्हणाला, "आजोबा, त्याला वाटतं त्याचं नाव हाड आहे."

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आम्ही इतका वेळ टाळली. नाव ठरावयास उशीर होत होता त्याचे खरे कारण ब्रूनो किंवा वाघ्या नव्हते. कारण आम्ही होतो. आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. तो ह्या नातवाच्या जन्माआधी घरात आला आणि गेल्या पावसाळ्यात, तेराव्या वर्षी, म्हातारपणाने गेला. परसातल्या फणसाखाली आम्ही व नातू दोघांनी मिळून त्याला पुरले. त्या दिवसापासून नातवाने मोतीचे नाव तोंडातून काढले नव्हते. आम्हांस मात्र ह्या नव्या पिलाला मोतीच म्हणावे असे पहिल्या दिवसापासून वाटत होते. तेरा वर्षांची जिभेची सवय. हाक मारावयास गेले की तेच येई. काळ्या पिलाला मोती कसे म्हणावे, असे सूनबाईंनी विचारले, तेव्हा काळे मोतीही असतात असे उत्तर आम्ही दिले होते.

आमच्या बाजूने आम्ही एक मोठा दाखलाही दिला. स्वित्झर्लंड व इटली ह्यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून २,४६९ मीटर उंचीच्या घाटात संत बर्नार्डच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथील संन्याशांनी पाळलेले कुत्रे बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांस शोधून काढीत. त्यांत बॅरी नावाचा कुत्रा फार प्रसिद्ध झाला. त्याने चाळीसहून अधिक लोकांचे प्राण वाचविले असे सांगतात. तो १८१४ साली बर्न शहरी मेला आणि तेथील निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात त्याचे शरीर जतन केलेले आहे. त्याच्या नावाचे मूळ अस्वल ह्या अर्थाच्या तिकडच्या शब्दात आहे, म्हणजे तेही पाहून ठेवलेले नाव. त्यानंतर त्या धर्मशाळेच्या कुत्र्यांत एकाचे तरी नाव नेहमी बॅरी ठेवण्याची चाल पडली. एक बॅरी गेला की दुसरा बॅरी. "पाहा," आम्ही नातवास म्हणालो, "संन्याशांनीही तेच केले. मेलेल्याचे नाव नव्या पिलाला देणे हा त्याचा मानच आहे."

नातू बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांच्याकडे खूप कुत्रे होते, आजोबा. आपल्याकडे एकच मोती होता. ह्याला मोती म्हटलं, की मी मोती म्हटल्यावर हाच येणार."

आठ वर्षांच्या मुलाचे हे बोलणे. आम्ही आमचा दाखला परत घेतला. पिलाच्या बाजूनेही पाहिले तर त्यात न्याय होता. मोती दूध न सांडता पीत असे, मोती कोंबड्यांच्या वाटेस जात नसे, अशा कौतुकाच्या ओझ्याखाली ते बापडे पिल्लू कायम उणे पडले असते. आणि आम्ही प्रत्येक वेळी ते उणे त्याला ऐकविले असते, ह्याची आम्हांस स्वतःपुरती खात्री आहे.

नाव ठरले ते ह्यानंतर चार दिवसांनी, आणि तेही घरी नव्हे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, म्हणून रेबीजची लस टोचून घेण्यास आम्ही व नातू त्याला टोपलीत घालून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. ज्या घरी पिल्लू आहे त्यांनी ही गोष्ट लांबणीवर टाकू नये. ह्या रोगाला एकदा लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही; म्हणून कुत्र्याला वेळेवर लस, आणि कोणास चावा किंवा ओरखडा लागलाच तर साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावू नये. असो. टेबलामागील गृहस्थांनी पत्रक पुढे ओढले. मालकाचे नाव लिहिले, गाव लिहिले, नर असे लिहिले, रंग काळा असे लिहिले. मग लेखणी थांबवून विचारले, "कुत्र्याचं नाव?"

आम्ही नातवाकडे पाहिले. नातवाने टोपलीत पाहिले. पिलाने टोपलीच्या काठावरून नुसते नाक बाहेर काढले होते. काळे, ओले, बारीक सुरकुत्यांचे, अगदी वाळल्या मिऱ्याच्या दाण्यासारखे. आमच्या परसातील पोफळींवर मिरवेल चढविलेली आहे, आणि मिरे वाळत घालण्याचे काम दरवर्षी नातवाकडे असते.

"मिऱ्या," तो म्हणाला.

गृहस्थांनी लिहिले. लिहिताना ते थोडे हसलेसे आम्हांस वाटले. डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा मिऱ्या एकदाच ओरडला, आणि मग परतीच्या वाटेवर टोपलीत झोपी गेला. बसमध्ये आम्ही ते पत्रक दोनदा उघडून वाचले. नाव दोन अक्षरांचे. हाक लांबविता येते. आळीत ह्या नावाचे कोणी नाही. कोणत्याही आज्ञेशी मिळत नाही. पिलाला लाडके दिसते आणि मोठेपणी तिखट. आम्ही तीन आठवडे ज्या कसोट्या सांगत होतो त्या सर्वांस ते उतरले होते, आणि त्यांपैकी एकीचाही विचार नातवाने केला नव्हता.

घरी आल्यावर "हाड" शब्दावर बंदी घातली गेली. सूनबाई आता "बाहेर" म्हणतात आणि तुकडा नावाबरोबर देतात. धाकटी अजून अधूनमधून छोटू म्हणते. तिला दंड म्हणून मिऱ्याची वाटी धुवावी लागते. पुण्याच्या चिरंजीवांनी नाव ऐकून "हे काय नाव!" असे म्हटले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीने मिऱ्याचे छायाचित्र मागविले. आठ दिवसांत त्याला नाव कळू लागले. दहाव्या दिवशी तो विहिरीपासून हाकेला आला.

परवा तिन्हीसांजेला आम्ही अंगणात गेलो. बांबूच्या फाटकाशी काहीतरी खसफसले, आणि काही ध्यानीमनी नसता आमच्या तोंडून "मोती!" अशी हाक निघाली. मिऱ्या पायरीवर पडला होता. त्याने कानसुद्धा हलविला नाही. आत दिव्याशी अभ्यास करीत बसलेला नातू मात्र पुस्तक मिटून बाहेर आला, आणि काही न बोलता आमच्या शेजारी पायरीवर येऊन बसला.